विद्यापीठांतील तंतुवाद्यांचा अभ्यास : एक समीक्षा

१

हिंदुस्थानी संगीताच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात 'थाट' ही संज्ञा विद्यार्थ्याच्या कानावर पहिल्याच वर्षी पडते. दहा थाटांची नावे, त्यांचे स्वर व त्यांत अंतर्भूत होणारे राग हा पाठ सर्वांना सारखाच असतो; विद्यार्थी गायनाचा असो, सतारीचा असो की सरोदाचा असो. परंतु ही संज्ञा मूळची वादकांच्या व्यवहारातील आहे, हे त्या पाठात क्वचितच सांगितले जाते. सतारीच्या दांडीवर दोऱ्याने बांधलेले पडदे रागातील स्वरांच्या मानाने वर-खाली सरकवून जी मांडणी करावयाची, तिलाच वादक थाट म्हणत. सोळा-सतरा पडद्यांच्या सतारीवर प्रत्येक स्वराच्या शुद्ध व विकृत अशा दोन्ही जागा कायमच्या ठेवणे शक्य नसे. राग बदलला की पडदा हलवावा लागे. 'चल थाट' आणि 'अचल थाट' हे सतारीचे दोन प्रकार ह्याच व्यवहारातून निर्माण झाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनी तरुणपणी सतारीचे शिक्षण घेतले होते. पुढे त्यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी हीच संज्ञा रूढ केली, आणि आज ती शास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आढळते.

वादकाच्या हाताची कृती अशा रीतीने शास्त्राची संज्ञा झाली. विद्यापीठातील सतारीच्या विद्यार्थ्याला ती संज्ञा मिळते, परंतु जिच्यापासून ती निघाली ती कृती त्याच्या वाट्यास येत नाही. भैरव थाटाचे स्वर तो बिनचूक सांगतो. मात्र सतारीवरील कोमल रिषभाचा पडदा किंचित चढा बसला आहे, तो कोठे व किती सरकवावा, हे त्याला दुसऱ्याकडून करून घ्यावे लागते. हा दोष एखाद्या विद्यार्थ्याचा किंवा एखाद्या शिक्षकाचा नाही. तंतुवाद्यांचा अभ्यासक्रम ज्या कल्पनेवर उभारला गेला, त्या कल्पनेतच त्याचे मूळ आहे. त्या कल्पनेचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

संगीत संस्थेत शिकविण्याची प्रथा ज्या परिस्थितीत सुरू झाली ती लक्षात घेतल्यावाचून ह्या प्रश्नाचा न्याय्य विचार होणार नाही. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष ह्यांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज निघाले. स्वातंत्र्यानंतर बडोदे व बनारस येथील विद्यापीठांत संगीताला स्थान मिळाले, आणि १९५६ मध्ये खैरागढ येथे तर केवळ संगीत व इतर कलांसाठीच विद्यापीठ निर्माण झाले.

ह्या सर्व प्रयत्नांपुढे मुख्य अडचण एकच होती. विद्या घराण्यांत कोंडलेली होती, आणि ती सर्वांना खुली करावयाची तर ती कागदावर उतरविणे प्राप्त होते. भातखंडे ह्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांनी हे कार्य केले. ज्याला कोणत्याही घराण्याचा उंबरठा ओलांडता आला नसता, अशा विद्यार्थ्याच्या हाती त्या पुस्तकांमुळे शेकडो चिजा आल्या. ह्या कार्याचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि त्या मालिकेत जे साहित्य आले ते ध्रुपद, धमार, ख्याल, तराणा व लक्षणगीत अशा गेय प्रकारांचे होते. स्वरलिपीही त्या साहित्यास अनुरूप अशीच बनली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकदर्शक बिंदू, मींडेसाठी वक्ररेषा आणि खाली गीताची अक्षरे, एवढ्या साधनांनी बंदिशीचा आराखडा स्पष्ट होतो. उरलेले गुरू गाऊन दाखवितो.

पुढे वाद्यसंगीताचे वर्ग सुरू झाले तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र विचार करण्याऐवजी गायनाचाच अभ्यासक्रम हाताशी घेण्यात आला. रागांची यादी तीच, सिद्धान्ताच्या प्रश्नपत्रिका बहुतांशी त्याच, लिपीही तीच. फरक इतकाच की, बड्या ख्यालाच्या जागी मसीतखानी गत आणि छोट्या ख्यालाच्या जागी रझाखानी गत लिहिली गेली. गीताच्या अक्षरांखालची जागा 'दा', 'रा', 'दिर' ह्या बोलांना मिळाली. ह्या अदलाबदलीत काय हरवले, ते एका गतीचे उदाहरण घेतल्यास स्पष्ट होईल.

३

मसीतखानी गतीचा सांगाडा सर्वपरिचित आहे. 'दिर दा दिर दा रा दा दा रा' हा आठ मात्रांचा बोलसमूह दोनदा वाजला की त्रितालाचे सोळा मात्रांचे आवर्तन पुरे होते. गतीचा उठाव बाराव्या मात्रेवर असतो. त्यामुळे सम येते ती समूहाच्या पहिल्या बोलावर नव्हे, तर सहाव्या बोलावर, म्हणजे 'रा'च्या पाठोपाठ येणाऱ्या 'दा'वर. चौथ्या मात्रेपासून तोच समूह पुन्हा सुरू होतो, आणि ह्या वेळी सहावा बोल नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर पडतो. सम आणि खाली ह्या तालातील दोन परस्परविरुद्ध जागा आहेत. असे असूनही उजव्या हाताला त्या दोन्ही ठिकाणी तंतोतंत एकच काम आहे.

मग श्रोत्याला सम कोणती व खाली कोणती हे कळते कशावरून? तबल्याचा ठेका सोडला तर ते डाव्या हाताच्या स्वरयोजनेवरूनच कळते. उजवा हात आवर्तनाचे दोन समान अर्ध पाडतो, डावा हात त्यांना असमान करतो. गतीचे सौंदर्य ह्या दोन हातांच्या ताणात आहे. गायनाच्या बंदिशीत हा ताण असू शकत नाही, कारण तेथे अक्षर आणि स्वर एकाच कंठातून निघतात. म्हणून गत ही ख्यालाच्या जागी बसविण्याजोगी वस्तू नव्हे. तिचा घाट निराळ्या तत्त्वावर उभा आहे, आणि ते तत्त्व समजावून देणे हा सतारीच्या अभ्यासाचा पहिला धडा असावयास हवा. परीक्षेत मात्र 'अमुक रागातील मसीतखानी गत स्वरलिपीत लिहा' एवढेच विचारले जाते. विद्यार्थी स्वरांची एक ओळ व बोलांची एक ओळ लिहितो. त्या दोन ओळींचा परस्परसंबंध त्याला कोणी विचारीत नाही.

डाव्या हाताच्या बाबतीत लिपीचे अपुरेपण अधिकच जाणवते. दोन स्वरांवर काढलेली वक्ररेषा मींड दाखविते. परंतु सतारीवर ही मींड अनेक रीतींनी निघते. खालच्या स्वराचा पडदा दाबून, आघात करून, तार खेचीत वरच्या स्वरापर्यंत जाता येते. तार आधीच खेचून, मग आघात करून ती ढिली सोडली म्हणजे वरच्या स्वराकडून खाली उतरता येते. पडद्यांवरून बोट घसरत नेल्यास घसीट होते. ह्या तिन्हींचा नाद भिन्न आहे. खेचलेल्या तारेचा स्वर आघातानंतर क्षीण होत होत चढतो. सोडलेल्या तारेचा स्वर आघाताचे सर्व बळ घेऊन वर प्रकट होतो आणि मग उतरतो. दरबारी कानड्याचा आंदोलित गांधार रिषभाच्या पडद्यावरून खेचून घेणे आणि गांधाराच्याच पडद्यावर वाजविणे ह्यांत रागाच्या प्रकृतीचाच प्रश्न आहे. लिपीत ह्या दोन्ही कृतींना एकच चिन्ह मिळते. कृंतन, जमजमा, मुर्की ह्यांच्या व्याख्या विद्यार्थ्याला मुखोद्गत असतात, परंतु विशिष्ट गतीत त्या क्रियांची स्थाने कोणती व तीच का, हा विवेचनाचा विषय सहसा होत नाही.

ह्यावर असे म्हणता येईल की, लिपी ही केवळ स्मरणाची साधन आहे. उरलेले गुरूच्या हाताकडे पाहून शिकावयाचे असते. हे म्हणणे खरे आहे. तथापि गुरूच्या घरी विद्यार्थी वर्षानुवर्षे तो हात पाहत असे. विद्यापीठात आठवड्यातील ठराविक तासिका, एका वर्गात अनेक विद्यार्थी आणि वर्षाला ठराविक रागांची पूर्तता अशी परिस्थिती आहे. जेथे पाहण्याचा अवकाश कमी, तेथे लिहिलेल्या गोष्टीचा अधिकार आपोआप वाढतो. जे लिपीत नाही ते परीक्षेत नाही, आणि जे परीक्षेत नाही ते हळूहळू वर्गातूनही नाहीसे होते.

४

दुसरा दोष वर्गीकरणाचा आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'च्या वाद्याध्यायात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग सांगितले. नाद कशापासून उत्पन्न होतो ह्या दृष्टीने हे वर्गीकरण निर्दोष आहे. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र 'तत' हा एक वर्ग मानून चालत नाही. नखीने छेडावयाची सतार, जव्याने छेडावयाचा सरोद, गजाने वाजवावयाचे सारंगी, दिलरुबा व व्हायोलिन आणि कलमांनी आघात करून वाजवावयाचे संतूर ह्यांत तारेखेरीज फारच थोडे समान आहे.

गजाच्या वाद्यात स्वर हवा तितका वेळ टिकतो, वाढविता येतो, कमी करता येतो. त्यामुळे गळ्याचे अनुकरण त्याला सहज साधते. एन. राजम ह्यांनी पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडून मिळालेली गायकी व्हायोलिनवर उतरविली आणि बनारस हिंदू विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन करून ती पुढील पिढीस दिली. विद्यापीठाच्या चौकटीत उच्च प्रतीचे वादन व अध्यापन एकत्र नांदू शकते, ह्याचा हा मोठा पुरावा होय. परंतु ह्या यशाचे एक कारण असेही आहे की, व्हायोलिनच्या बाबतीत गायनप्रधान अभ्यासक्रम वाद्याच्या स्वभावाशी फारसा विसंगत ठरत नाही.

सतारीचा स्वर आघाताच्या क्षणी जन्मतो आणि लगेच विरू लागतो. सतारीच्या वादनविचाराचा बराचसा भाग ह्या विरण्याशी चाललेल्या झगड्यातून निघाला आहे. चिकारीच्या आघातांनी भरलेला झाला, जोडातील लय, तरफांची योजना, आंस टिकविणारी जवारी ही सर्व त्याचीच निरनिराळी उत्तरे आहेत. उस्ताद विलायत खाँ (१९२८–२००४) ह्यांनी सतारीवर गायकी अंग आणले ते केवळ गळ्याचे अनुकरण करून आणले नाही. त्यासाठी त्यांनी वाद्याची घडणच बदलली. खरजाच्या तारा वगळल्या, तारांच्या मेळाची फेरयोजना केली आणि जवारी अधिक बंद ठेवली. ह्याच्या उलट पंडित रविशंकर (१९२०–२०१२) ह्यांनी खरज-पंचमाच्या तारा राखून बीन व सुरबहारच्या आलापीचा गंभीर पल्ला सतारीवरच साधला. ह्या दोन सतारींची तारयोजना एक नाही, नाद एक नाही, आणि म्हणून आलापाचा विस्तारही एक नाही. अभ्यासक्रमात मात्र दोहोंना 'सतार' असे एकच नाव आहे. एका तारयोजनेवर शिकलेल्या विद्यार्थ्याने मंद्र सप्तकात खाली काम का केले नाही, असा प्रश्न परीक्षकाने विचारावा आणि विद्यार्थ्याजवळ त्या सप्तकाच्या ताराच नसाव्यात, अशी विसंगती ह्या एका नावातून उद्भवते.

सरोदाच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. सतारीवर 'दा' हा बोल नखीचे बोट आत ओढून निघतो. सरोदावर तो जव्याच्या खाली जाणाऱ्या आघाताने निघतो. बोल एक, पण हाताची गती वेगळी. म्हणून वजन कोठे पडते, द्रुत लयीत कोणती जोडणी सुलभ व कोणती अवघड, हेही वेगळे. संतुरावर तर मींडेला जागाच नाही. अशा वाद्यांना एकच रागयादी, एकच क्रम व एकच निकष लावल्यास कोणत्याही एकाला न्याय मिळत नाही.

५

विद्यापीठाने वादक घडवावेत अशी अपेक्षाच मुळात अवास्तव आहे, असा एक पक्ष आहे. मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या घरी जी तालीम मिळाली ती कोणत्याही वर्गात मिळणार नाही, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. ते मान्य केले तरी विद्यापीठाची जबाबदारी संपत नाही. काही कामे अशी आहेत की, ती घराण्याला करता येत नाहीत, करण्याचे त्याला प्रयोजनही नाही, आणि ती विद्यापीठानेच करावयाची असतात. तंतुवाद्यांच्या संदर्भात विद्यापीठ तीही पुरेशी करीत नाही, हा खरा आक्षेप आहे.

पहिले काम इतिहासाचे. सतार अमीर खुसरोने शोधून काढली, हे विधान परीक्षेपुरत्या लिहिलेल्या अनेक पुस्तकांत आजही आढळते. बनारसचे डॉ. लालमणि मिश्र ह्यांनी 'भारतीय संगीत वाद्य' (१९७३) ह्या ग्रंथात सतारीचा संबंध प्राचीन त्रितंत्री वीणेशी जोडला. त्रितंत्रीलाच लोकभाषेत जंत्र म्हणतात, ह्या 'संगीतरत्नाकरा'चा टीकाकार कल्लिनाथ ह्याच्या नोंदीला ह्या विचारात महत्त्वाचे स्थान आहे. ॲलिन माइनर ह्यांनी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील सतार-सरोदांवरील आपल्या ग्रंथात (१९९३) तत्कालीन साधनांच्या आधारे वेगळा निष्कर्ष काढला. अठराव्या शतकातील दिल्ली, सदारंगाच्या घरातील खुसरो खाँ आणि पश्चिमेकडून आलेली लांब दांडीची वाद्ये ह्यांच्याकडे तो निर्देश करतो. हे दोन निष्कर्ष परस्परांशी पटणारे नाहीत. परंतु जुन्या आख्यायिकेवर विसंबून राहणे दोघांनाही मान्य नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे हे दोन्ही युक्तिवाद ठेवून, ग्रंथातील नामसाम्यास किती प्रामाण्य द्यावे आणि चित्रे व प्रवासवर्णने ह्यांना किती द्यावे, हे तपासावयास लावणे हे विद्यापीठाचेच काम आहे.

दुसरे काम नादाच्या परीक्षणाचे. ह्या क्षेत्रातील एक पायाभूत निरीक्षण संगीताच्या विभागातून आलेले नाही. कलकत्ता विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असताना चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी १९२१ मध्ये तंबोरा व वीणा ह्यांच्या घोडीवर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. ताणलेली तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूशी ज्यांचे निष्पंद स्थान जुळते ते उपस्वर नादात येऊ नयेत, असा सर्वमान्य नियम होता. तंबोऱ्याच्या नादात ते उपस्वर स्पष्टपणे आढळतात, असे रामन ह्यांनी दाखविले. त्याचे कारण घोडीचा रुंद, किंचित वक्र पृष्ठभाग आणि तारेखाली सारलेला दोरा ह्यांत आहे. कंप पावणारी तार त्या पृष्ठाला क्षणोक्षणी स्पर्श करीत राहते. कारागीर ज्याला जवारी म्हणतो ती हीच. जो नाद हिंदुस्थानी संगीताचा आधार, त्याचे शास्त्रीय वैशिष्ट्य एका विद्यापीठातच सिद्ध झाले. मग तंतुवाद्यांच्या विद्यार्थ्याला तंबोऱ्यापाशी बसून ते अनुभवण्याची संधी अभ्यासक्रमात असू नये, हे आश्चर्याचे आहे.

श्रुतींचा पाठ ह्याच प्रकारचा आहे. बावीस श्रुतींची नावे पाठ केली जातात. परंतु भरताची चतुःसारणा ही दोन वीणांवर करावयाची क्रिया होती. एक वीणा स्थिर ठेवून दुसरीच्या तारा क्रमाने उतरवीत जावयाच्या व कानाने ताडून पाहावयाच्या, असा तो प्रयोग आहे. लालमणि मिश्र ह्यांनी श्रुतींच्या प्रत्यक्ष परीक्षणासाठी श्रुतिवीणा तयार केली ती ह्याच जाणिवेने. तारा लावावयाच्या नसतील तर चतुःसारणेचे विवेचन हे केवळ अंकगणित होय.

तिसरे काम कारागिरीशी नाते जोडण्याचे. महाराष्ट्रात ह्यासाठी दूर जावे लागत नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालेली सतारमेकरांची परंपरा आजही चालू आहे. पंढरपूरच्या आसपास पिकणारा भोपळा, तुणीचे लाकूड, घोडी घासून नाद खुला किंवा बंद करण्याचे कसब ह्या सर्वांचे ज्ञान त्या घरांतून एका हातातून दुसऱ्या हातात गेले आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाचे संरक्षण होते, ज्ञानाचे होतेच असे नाही. जवारी लावणाऱ्या कारागिराचे कान काय ऐकतात, घोडीचा कोणता भाग किती घासला असता कोणता फरक पडतो, ह्याची पद्धतशीर नोंद करणे हा विद्यापीठीय प्रबंधाचा उत्तम विषय आहे. एखाद्या रागाच्या निरनिराळ्या ग्रंथांतील लक्षणांचे संकलन करणाऱ्या प्रबंधापेक्षा त्याचे मोल निश्चित अधिक ठरेल.

६

ह्या विवेचनातून अभ्यासक्रमाच्या दृष्टीने काही गोष्टी निष्पन्न होतात. रागांची संख्या कमी करून तोच वेळ वाद्याला द्यावा. पहिल्या वर्षी तारा चढविणे, मेळ लावणे, तरफा मिळविणे व पडदे बांधणे ह्यांना स्वतंत्र गुण असावेत. छेडावयाची, गजाची व आघाताची वाद्ये ह्यांचे अभ्यासक्रम वेगळे करावेत, आणि सारंगीसारख्या वाद्याला, ज्याला अनेक विभागांत आजवर जागा मिळाली नाही, ती द्यावी. स्वरलिपीत तार, पडदा व मींडेची दिशा दाखविणारी चिन्हे वाढवावीत. हे अशक्य नाही. स्टीफन स्लॉवेक ह्यांनी १९८७ मध्ये सतारीच्या निबद्ध प्रकारांतील वादनतंत्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि ते लालमणि मिश्रांचे शिष्य होते.

त्याचप्रमाणे ध्वनिमुद्रिकांचा उपयोग ग्रंथांच्या बरोबरीने व्हावयास हवा. इमदाद खाँ, त्यांचे पुत्र इनायत खाँ आणि नातू विलायत खाँ अशा एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांचे वादन मुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत तीन-चार मिनिटांच्या तबकडीत मावलेली गत आणि पुढे तासभर चालणारा आलाप ह्यांची तुलना केल्यास वादन कसे बदलले, आणि त्यांतील किती बदल कलावंताचा, किती वाद्याचा व किती तबकडीच्या मर्यादेचा, हे पडताळून पाहता येते. घराण्यातील शिष्य आपल्या गुरूपुरते ऐकतो. तीन पिढ्या एकत्र ठेवून तटस्थपणे ऐकण्याची सोय विद्यापीठातच होऊ शकते.

हा प्रश्न केवळ काही विद्यार्थ्यांच्या गुणांचा नाही. विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्यांपैकी मैफिलीचे वादक थोडे होतात. बहुसंख्य शिक्षक होतात. ज्यांना स्वतःच्या वाद्याची जवारी ओळखता येत नाही, ते आपल्या विद्यार्थ्यांना ती शिकवू शकणार नाहीत. आणि जो श्रोता व शिक्षक नादातील फरक मागतच नाही, त्याच्यासाठी मिरजेच्या कारागिरानेही घोडी घासण्यात दिवस का घालवावा? अशा रीतीने अभ्यासक्रमातील एक उणीव दोन-तीन पिढ्यांत वादन, अध्यापन व कारागिरी ह्या तिन्ही ठिकाणी पसरते. म्हणून सुधारणेचा आरंभ मोठ्या योजनांनी करण्याचे कारण नाही. प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत सर्व तारा उतरविलेली, दोन पडदे जागेवरून सरकविलेली सतार विद्यार्थ्यापुढे ठेवावी, एक राग सांगावा, आणि त्या रागासाठी ती मिळवावयास सांगावे. ह्यासाठी नवा निधी लागत नाही, नवे पुस्तक लागत नाही. अर्ध्या तासाचा वेळ आणि ऐकणारा परीक्षक एवढेच लागते.